टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसलं म्हणून दुकानदाराची कॉलर धरू नका

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे. ‘३२०० ची रॅम घेतली आणि टास्क मॅनेजरमध्ये २६६६ दिसते? तुमच्या गळ्यात नकली माल मारला!’ खाली पाच मुद्दे, लाल सायरन आणि ‘जागरूक ग्राहक बना, पुढे पाठवा’. (३२०० आणि २६६६ हे रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीच्या, गतीचे आकडे; टास्क मॅनेजर ही विंडोजमधली ते दाखवणारी खिडकी.) असल्या मेसेजांच्या नादी मी लागत नाही. पण मानेवाड्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा माझा मामेभाऊ हाच मेसेज मोबाइलवर उघडून थेट बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेला आणि दुकानदाराशी चारचौघांत भांडून आला. ‘दादा, फसवलं ना त्यानं आपल्याले!’ आता लिहिणं भाग आहे.

मुद्दा पहिला: २६६६ दिसली म्हणजे रॅम नकली. मामेभावाच्या कॉम्प्युटरात आय५-१०४०० प्रोसेसर आणि एच४१० चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आहे. इंटेलच्या संकेतस्थळावर या प्रोसेसरचं पान आहे, कोणालाही फुकट वाचता येतं. मेमरीच्या रकान्यात लिहिलंय: डीडीआर४-२६६६, म्हणजे डीडीआर४ प्रकारची रॅम, गती २६६६. बस्स, विषय इथंच संपतो. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा. एएमडीनं तो २००३ मध्ये आणि इंटेलनं २००८ मध्ये प्रोसेसरच्या पोटात घेतला. त्यामुळे गतीची अधिकृत हद्द प्रोसेसर ठरवतो, आणि ती ओलांडू द्यायची की नाही हे चिपसेट ठरवतो. झेड४९० चिपसेट ओलांडू देतो, एच४१० देत नाही. बोर्डाच्या डब्यावर २९३३ छापलं असेल, पण ते त्याच पिढीच्या आय७ आणि आय९ साठी. बारीक अक्षरांतली ओळ वाचायची तसदी मेसेजवाल्यानं घेतलेली नाही. ३२०० ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, अशा बोर्डावर लावली की ती मुकाट २६६६ वर चालते. बिघडत काही नाही. आणि २६६६ ची नवी स्टिक आता सहसा मिळतच नाही, तर दुकानदार ३२०० ची देणार नाही तर काय देणार?

दुसरा मुद्दा: ‘सीपीयू-झेडमध्ये तर १३३३ दिसते, म्हणजे डबल फसवणूक’. सीपीयू-झेड हे कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, ते घड्याळाचे ठोके दाखवतं; आणि डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. १३३३ दुणे २६६६. पुढे.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मेसेज म्हणतो, ‘एमएसकॉन्फिग उघडा, बूटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं मॅक्झिमम मेमरीवर टिक करा, रॅम फुल स्पीडनं धावेल’. अरे भाऊ, एमएसकॉन्फिग ही विंडोज कशी सुरू व्हावी ते ठरवणारी खिडकी, तिचा गतीशी काडीचा संबंध नाही. तिथं आकडा टाकला की विंडोजला सांगितलं जातं: या पत्त्याच्या वरची मेमरी वापरू नको. ही मर्यादा आहे, आणि ती कमी मेमरीत प्रोग्राम कसा चालतो हे तपासणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे. मामेभावानं ८ जीबी म्हणून ८१९२ एमबी टाकलं. वरवर बरोबर. पण खालच्या पत्त्यांतली काही जागा ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवलेली असते, म्हणून रॅमचा तेवढा भाग ८१९२ च्या वर सरकवलेला असतो. नेमका तोच कापला गेला. रीस्टार्ट केल्यावर वापरायला सहाच्या आसपास जीबी उरली, बाकीची ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ खाली जाऊन बसली. आणि गंमत बघा, यावरून त्यानं काय काढलं? की रॅम नकलीच आहे, आता तर कमी पण भरून राहिली! मेसेजनंच रॅम कापली आणि मेसेजच खरा ठरला. टिक काढली, रीस्टार्ट केलं, मेमरी परत आली. तिथं कोणी आणखी लहान आकडा टाकला असता तर विंडोज सुरू व्हायचीही पंचाईत झाली असती. फॉर्मची शेवटची तारीख आणि दारात रांग असताना असला प्रयोग करायला सांगणाऱ्याला काय म्हणावं?

चौथा मुद्दा रॅमचं व्होल्टेज १.५ वर नेण्याचा. डीडीआर४ चं नेहमीचं व्होल्टेज १.२, ओव्हरक्लॉकच्या (ठरलेल्या गतीच्या वर पळवायच्या) स्टिकांचं बहुधा १.३५. दीड कशाला? मे महिन्यात नागपुरात कमी तापते का खोली?

आता थोडं कबूल करावं लागेल. नकली रॅम बाजारात असते, नाही असं नाही. पण ती अशी ओळखत नाहीत. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये स्टिकच्या चिपवर लिहिलेली माहिती दिसते: बनवणारी कंपनी, कमाल गती. तिथं डीडीआर४-३२०० असेल आणि लेबलशी जुळत असेल तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं. आणि झेड४९० सारखा बोर्ड असूनही कमी गती दिसत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या लेबलवरच्या गतीनं चालवणारी सोय, बंद असण्याची शक्यता आहे; ते सुरू करा. हे मेसेजमध्ये असतं तर मीच पुढे पाठवला असता.

शेवटचा मुद्दा, ‘३२०० मुळे कॉम्प्युटर २० टक्के जलद’. २६६६ पासून ३२०० हा आकडा २० टक्के मोठा आहे, तेवढंच खरं. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर, जिथं ग्राफिक्सही याच रॅमवर चालतात, गेममध्ये फरक जाणवतो. ब्राउझरमध्ये फॉर्म भरताना आणि पीडीएफ छापताना डोळ्यांना काही दिसणार नाही.

दिसेल ते दुसऱ्या स्टिकनं. इंटेलच्या त्याच पानावर चॅनेल (रॅमकडे जाणारे रस्ते) दोन आणि बँडविड्थ (डेटा वाहण्याची क्षमता) सेकंदाला ४१.६ जीबी लिहिली आहे. एकच स्टिक लावली तर त्यातली निम्मी मिळते. दुसरी लावली की बँडविड्थ दुप्पट आणि मेमरी ८ ची १६ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये ज्या २६६६ वरून एवढा कल्ला झाला, त्याच्याच खालच्या ओळीत ‘स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २’ असं लिहिलेलं होतं. ती ओळ वाचायची, आणि तेवढ्याच जीबीची, तेवढ्याच गतीची स्टिक आणायची.