थिंबल म्हणजे अंगुस्तान

परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला, फोनवर कोण काय खेळतं. कुणी क्रिकेट म्हणालं, कुणी बुद्धिबळ, दोघांनी बंदुकांच्या गेमची नावं घेतली. मी म्हटलं, मी हिडन ऑब्जेक्ट खेळते आणि टाइम मॅनेजमेंटचे, म्हणजे घड्याळ लावून कामं उरकायचे गेम खेळते. वीस-एक वर्षं होत आली. त्यावर एक सहकारी म्हणाला, "हां, ते वस्तू शोधायचे ना? बायकांचे टाइमपास गेम." वाईट हेतूने नाही म्हणाला, चांगला मुलगा आहे. पण ते वाक्य लोकलमध्ये डोंबिवली येईपर्यंत डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितेय. लांबलंय, सवडीने वाचा.

आमच्याकडे पहिला डेस्कटॉप २००६ साली आला. इंटरनेट रात्री दोननंतर अनलिमिटेड असायचं, त्यामुळे नवरा डाउनलोडची वेळ लावून झोपायचा आणि सकाळी कुकर लावता लावता मी डोकावून बघायची, उतरलंय का. असाच एकदा 'मिस्टरी केस फाइल्स'चा पहिला गेम उतरला, 'हंट्सव्हिल'. सिएटलच्या बिग फिश गेम्सने तो २००५ मध्ये काढला होता. एका चित्रात वस्तूंची ही गर्दी, बाजूला यादी, आणि घड्याळ चालू. यादीतल्या वस्तू हुडकायच्या, बास. फुकट खेळायला एक तास मिळायचा, साठ मिनिटं मोजून. मग गेम थांबायचा आणि विचारायचा, आवडला असेल तर विकत घ्या.

मी घेतला तो त्यापुढचा, 'रेव्हनहर्स्ट', २००६ चा. एमा रेव्हनहर्स्ट नावाच्या बाईच्या डायरीची पानं एकेक करून हाती लागत जातात आणि त्या वाड्यात तिच्याबरोबर काय घडलं ते कळत जातं. वीस डॉलरच्या आसपास किंमत, आणि आमचं डेबिट कार्ड तेव्हा परदेशी साइटवर चालायचं नाही. न्यू जर्सीतल्या धाकट्या दिरांनी त्यांच्या कार्डावर घेऊन दिला. ते इथे आले तेव्हा मी हिशोबाने पैसे परत केले. त्यांना हसू आलं, पण मला ते पैसे द्यायचेच होते. पुस्तक विकत घ्यावं तसा घेतला होता तो गेम, आणि पुस्तकासारखाच तो शेवटच्या पानापर्यंत माझा होता.

आता खरी गोष्ट. २०११ मध्ये आमच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आयुष्यभर पायाला भिंगरी लावल्यासारखं काम केलेली बाई, तिला दीड महिना पलंगावर पडून राहायला सांगितलेलं. टीव्हीचा दोन दिवसांत वीट आला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसायची, तर त्या चष्मा लावून डोकवायला लागल्या. जुनी अकरावी झालेल्या, इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येतात, अर्थ सगळा लागतो असं नाही. त्या दिवशी यादीत एक शब्द होता, थिंबल. गेम कुठला ते आता आठवत नाही, पण ते चित्र डोळ्यांसमोर आहे. शिवणाचं टेबल, रिळं, फिती, बटणांची बरणी, कात्र्या तीन-चार. मी एमकॉम झालेय, पण थिंबल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. डिक्शनरी काढली, वाचलं, "शिवताना बोटात घालायचं टोपण". तरी ते कसं दिसतं ते कळेना. मी उगाच बाटलीच्या बुचावर क्लिक केलं, मग एका घंटीवर.

आई म्हणाल्या, "बोटात घालायचं? अगं, मग ते अंगुस्तान की!" आणि बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. रिळाच्या मागे, अर्धं झाकलेलं, खड्डे-खड्डे असलेलं ते पितळी टोपण. मी बघतच राहिले. बावीस वर्षं त्यांनी घरी ब्लाउज शिवून दिले होते. ते अंगुस्तान त्यांनी रोज मधल्या बोटात घातलं होतं, आणि मी ते कधी नीट पाहिलंही नव्हतं. मला शब्द शोधता येत होता, वस्तू त्यांना माहीत होती.

त्या दीड महिन्यात आमचं असंच चाललं. मी शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा, आणि त्यांनी वस्तू काढून द्यायची. बेलोज म्हणजे भाता. अँव्हिल म्हणजे ऐरण. फनेल म्हणजे नरसाळं. हॉर्सशू म्हणजे नाल, तो त्यांना शब्द न सांगताच दिसायचा कारण त्यांच्या माहेरी उंबऱ्याला ठोकलेला होता. या गेममध्ये शब्दांची एक गंमत मुद्दाम करतात. बॅट लिहिलेलं असतं आणि आपण चेंडूफळीची बॅट शोधत बसतो, तर छताला वटवाघूळ लटकलेलं असतं. बो म्हणजे धनुष्य, रिबिनीची गाठ, की व्हायोलिनचा गज? नेल म्हणजे खिळा की नख? हे कळलं तेव्हा आई इतक्या खूश झाल्या की जो येईल त्याला सांगायच्या. फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीलासुद्धा सांगितलं. ती म्हणाली, आजी, तुम्ही पाय वाकवताना आता ओरडत नाही. लक्ष स्क्रीनवर असायचं ना.

तर हा खेळ डोळ्यांचा आहे, पण नुसत्या डोळ्यांचा नाही. वस्तू समोरच असते. ती दिसत नाही, कारण सावलीच्या रंगात रंग मिळवलेला असतो, किंवा आकार दुसऱ्या आकारात बसवलेला असतो, छत्री पडद्याच्या चुणीत, साप दोरखंडात. चित्र काढणाऱ्याने तुमची नजर कुठे घसरेल याचा विचार करून ती तिथे ठेवलेली असते. ती सापडते तेव्हा जो आनंद होतो तो ओळखण्याचा आनंद आहे.

टाइम मॅनेजमेंटबद्दलही सांगते. 'डायनर डॅश' आठवतोय का कुणाला? न्यूयॉर्कच्या गेमलॅबने बनवलेला. फ्लो नावाची मुलगी ऑफिसची नोकरी सोडून खानावळ काढते. गिऱ्हाईक आलं की टेबलावर बसवायचं, ऑर्डर घ्यायची, ती स्वयंपाकघरात द्यायची, ताट पोचवायचं, पैसे घ्यायचे, खरकटं उचलायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बदाम असतात, उशीर झाला की एकेक कमी होतो. फ्लोला हात दोनच, त्यामुळे एका वेळी दोनच गोष्टी उचलता येतात. आणि खरी गोम अशी, की एकाच प्रकारचं काम लागोपाठ केलं तर जास्त गुण मिळतात. तीन टेबलांच्या ऑर्डर एकदम घ्या, तिन्ही टेबलांची ताटं एकदम उचला. म्हणजे जे गिऱ्हाईक आधी तयार आहे त्याला क्षणभर थांबवायचं, पण त्याचा बदाम जाऊ द्यायचा नाही. हे जमायला हिंमत लागते.

लग्न होऊन आले तेव्हा आई मला एकच वाक्य सांगायच्या, "आत जातेयस ना, मग हात रिकामा का?" बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना कप न्यायचा, येताना पाण्याचा तांब्या आणायचा. सकाळी सहा छत्तीसची लोकल पकडायची तर एका गॅसवर भाजी, दुसऱ्यावर तवा, मधल्या दोन मिनिटांत डब्यांची झाकणं पुसून ठेवायची. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. 'डायनर डॅश'ची शेवटची पातळी मी पार केली ती या वाक्यावर. ज्या खेळात हे कौशल्य मोजलं जातं, त्याला गुण मिळतात, त्याला कुणी टाइमपास म्हटलं की मला वाटतं, ते कामही यांना टाइमपासच वाटत असणार.

पुढे फोन आले आणि सगळं बदललं. २०१२ च्या शेवटी फेसबुकवर 'क्रिमिनल केस' आला, पॅरिसच्या प्रिटी सिंपल कंपनीचा. पुढच्या वर्षी फेसबुकने त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं. मीही खेळले. गोष्ट छान, चित्रं छान, आणि फुकट. पण तिथे एनर्जी नावाचा प्रकार होता. प्रत्येक दृश्याला एनर्जी खर्च व्हायची, संपली की थांबा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर मित्रमैत्रिणींकडे मागा. आणि पुढे जायला तारे लागतात म्हणून तेच दृश्य पुन्हा पुन्हा खेळायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला चाकू कुठे आहे ते तुम्हाला पाठ असतं. मग शोधणं उरतच नाही, फक्त बोटांचा वेग उरतो. माझं सगळ्यात मोठं दुःख हे आहे. ज्या खेळाचा जीव पहिल्या नजरेत आहे, त्याची घोकंपट्टी केली.

फुकट गेमचा फायदा मला मान्य आहे. वीस डॉलर आणि परदेशी कार्ड ज्यांच्याकडे नव्हतं, अशा लाखो बायकांच्या हातात हे गेम त्यामुळेच आले. माझ्या गावच्या मामीकडे आले. ते चांगलंच झालं. पण विकलं काय जातंय ते बघा. पूर्वी गेम विकायचे, आता वाट बघणं विकतात. आधी अडवायचं आणि मग वाट सोडायचे पैसे घ्यायचे. स्वयंपाकाच्या गेममध्ये तर पातळीच अशी रचलेली असते की गॅस, तवा, कढई पैसे भरून वाढवल्याशिवाय ती पार होणं जवळपास अशक्य. तिथे हात रिकामा न ठेवण्याची हुशारी काही कामाची नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात हे घडलं. गेमचं नाव लिहीत नाही, असे शेकड्याने आहेत. नातवाने आजीला फोनवर एक वस्तू शोधायचा गेम घालून दिला होता आणि पैसे भरायची सोयही चालू राहिली होती. गेम अधेमधे एक पेटी दाखवायचा, ८९ रुपयांची, वर उलटं चालणारं घड्याळ, "फक्त दहा मिनिटं". तीन महिन्यांनी मी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. २,३०० रुपयांच्या वर गेले होते. रक्कम फार मोठी नाही. पण मी विचारल्यावर आई काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, एकदाच घेतेय." जिने उभा संसार पै-पैचा हिशोब ठेवून केला, ती बाई पासबुकाकडे बघायला लाजत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्यांची नव्हती. त्या पेटीची वेळ, तिचा रंग, ते घड्याळ, सगळं कुणीतरी विचार करून ठरवलेलं होतं. चित्रात छत्री लपवणारासुद्धा माझी नजर कुठे घसरेल याचा विचार करतो, पण तो ती मला सापडावी म्हणून करतो. इथे तोच विचार पाकिटावर नजर ठेवून केला होता.

दुसऱ्या दिवशी तो गेम काढून टाकला आणि लॅपटॉप पुन्हा खाली काढला. आता स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या साइटवर, रुपयांत पैसे भरता येतात, दिरांना त्रास द्यावा लागत नाही. पोलंडच्या आर्टिफेक्स मंडी कंपनीचे गेम आम्ही सेल लागला की घेतो, 'एनिग्मॅटिस', 'ग्रिम लेजंड्स'. चित्रं इतकी देखणी की आई आधी पाच मिनिटं नुसतं बघत बसतात. एकदा पैसे भरले की मध्ये कुणी हात पसरत नाही. घड्याळ नको असेल तर नको. हिंटचं, म्हणजे वस्तू कुठे आहे ते सुचवणारं बटण थोडा वेळ थांबलं की आपोआप पुन्हा भरतं. आणि गेम संपतो. गोष्टीचा शेवट कळतो, आई "बरं झालं मेला सापडला" म्हणतात आणि लॅपटॉप मिटतात.

फार्मव्हिल आठवत असेलच. २००९ पासून निम्मं फेसबुक तिथे शेती करत होतं. तो ज्यावर चालायचा ते फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा, ३१ डिसेंबर २०२० ला, तो मूळ खेळही बंद झाला. माझ्या एका मैत्रिणीची अकरा वर्षांची शेती होती त्यात. माझा २००६ चा रेव्हनहर्स्ट मात्र जुन्या कॉम्प्युटरवर अजून चालतो.

आता एक मागणं. पुण्या-मुंबईत गेम बनवणारी इतकी हुशार मुलंमुली आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर कृपा करून एक मराठी हिडन ऑब्जेक्ट बनवा. कोकणातलं माजघर घ्या, वाईचा वाडा घ्या, गिरगावातली चाळीतली खोली घ्या. यादी मराठीत द्या. आपल्या शब्दांत गंमत काय कमी आहे? यादीत 'पान' लिहा आणि शोधू दे, पिंपळाचं की विड्याचं की वहीचं. 'कात' लिहा, पानपुड्यातला की कोपऱ्यात पडलेली सापाची. 'नाव' लिहा आणि दारावरच्या पाटीकडे सगळे धावू देत, ती खिडकीबाहेर खाडीत असू दे. माझ्या मुलाला रोवळी आणि सुपली यातला फरक माहीत नाही, त्याला तो शोधता शोधता कळेल. किंमत लावा, दोनशे लावा, तीनशे लावा, आम्ही देऊ. फक्त त्याला शेवट असू दे, आणि मध्ये ती पेटी नको.

यादीची काळजी करू नका. आईंनी एका जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर वस्तू लिहायला घेतल्या आहेत, दुपारी आठवेल तसं. एकशे बारा झाल्या. अडकित्ता, फिरकीचा तांब्या, पुरणयंत्र, वातीचा स्टोव्ह, पिन, अंगुस्तान. काल रात्रीची नोंद त्यांच्या ठसठशीत अक्षरात अशी आहे: "११२. सांडशी. (कुणी पक्कड म्हणतात. दोन्ही बरोबर धरावे.)"