शस्त्रक्रियेनंतरही मागे उरणाऱ्या पेशी

‘फायब्रोब्लास्ट या केवळ ऊतीचा सांगाडा धरून ठेवणाऱ्या पेशी नसून सायनसमधील दाह पेटता ठेवण्यात त्यांचाही हात असतो’ हे सायनसच्या जुनाट दाहावरील तुमच्या लेखातील विधान मला सर्वांत मोलाचे वाटले. माझ्या नाकातील पॉलिप, म्हणजे दाहामुळे अस्तरावर वाढलेल्या मऊ गाठी, दोनदा शस्त्रक्रियेने काढले. पहिल्या खेपेनंतर काही महिने हिंगाच्या फोडणीचा वास पुन्हा येऊ लागला होता, मग तोही हळूहळू गेला आणि दोष कधी धुळीला, तर कधी माझ्याच हलगर्जीपणाला दिला गेला. पॉलिप काढले तरी भोवतालच्या अस्तरातील पेशी तिथेच राहतात, हे तेव्हा कोणी समजावून सांगितले नाही.

लेखात एक दुवा मात्र राहून गेला आहे. इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ या पेशींमध्ये निरोप नेणाऱ्या प्रथिनांचा संदेश मिळाला की याच फायब्रोब्लास्ट इओटॅक्सिन नावाचे प्रथिन स्रवतात आणि त्याच्या ओढीने इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून अस्तरात येऊन साठतात. अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसह होणाऱ्या जुनाट सायनसच्या दाहासाठी मान्यता मिळालेले ड्युपिलुमॅब हे औषध नेमका हाच संदेश अडवते. ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागू पडत नाही. तरीही त्याचा उल्लेख हवा होता, कारण पुढच्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे, हे माझ्यासारख्या रुग्णाला त्यातून कळले असते.