शिंकला म्हणून तिरडी

जावाच्या ईजेबीमधला (एंटरप्राइझ जावाबीन्स) शॉपिंग कार्टचा स्टेटफुल सेशन बीन, म्हणजे एकेका ग्राहकाची खरेदी लक्षात ठेवणारा कोड, माझाच. मुदत संपलेल्या कुपनासाठी मी एक एक्सेप्शनही (काम अडल्याचा इशारा) लिहिलं होतं, आणि जागोजागी 'थ्रोज', म्हणजे 'इथून हे एक्सेप्शन येऊ शकतं', असं लिहायचा कंटाळा म्हणून ते रनटाइम एक्सेप्शनच्या कुळात घातलं. या आळसाला मी तेव्हा 'क्लीन कोड' म्हणत असे.

टेस्टरने जुनं कुपन टाकलं. 'कुपनाची मुदत संपली' एवढाच निरोप यायचा. आलं ते ईजेबी एक्सेप्शन, खाली मारुतीच्या शेपटासारखा स्टॅक ट्रेस, म्हणजे ते कुठून कुठून आलं याची यादी. माझं कुपन बिचारं पार तळाशी, शेवटच्या 'कॉज्ड बाय'खाली चेंगरलेलं. त्याने पुन्हा बटण दाबलं, तर नो सच ईजेबी एक्सेप्शन. कार्टच गायब!

बीन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे कंटेनरच्या लेखी रनटाइम एक्सेप्शन म्हणजे सिस्टिम एक्सेप्शन, म्हणजे बीन आतून नासला. तो लॉगमध्ये नोंद करतो, ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतो, म्हणजे डेटाबेसमधले बदल मागे घेतो, आणि बीनचा तो इन्स्टन्स (चालू प्रत) फेकून देतो. स्टेटलेस असता तर पूलमधला, म्हणजे राखीव साठ्यातला, दुसरा उभा राहिला असता, कुणाला पत्ताही लागला नसता. स्टेटफुलबरोबर मात्र ग्राहकाची सगळी खरेदी गेली. शिंकला म्हणून तिरडी बांधली!

मग मी एक्सेप्शन चेक्ड, म्हणजे 'थ्रोज' लिहावंच लागणारं, केलं. आता ते ॲप्लिकेशन एक्सेप्शन झालं, कंटेनरने जसंच्या तसं क्लायंटच्या हाती दिलं. कार्ट जिवंत, निरोप स्वच्छ. दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. तिसऱ्या दिवशी ऑर्डर शून्य आणि स्टॉक मात्र घटलेला. कुपन तपासायच्या आधीच मी स्टॉक कमी करत होतो, आणि अशा एक्सेप्शनला कंटेनर आपणहून रोलबॅक करत नाही. 'सेट रोलबॅक ओन्ली' आपण म्हणायचं. मी म्हटलं नव्हतं, त्याने इमानेइतबारे कमिट केलं, बदल पक्के केले.

"अरे, २००६ च्या ईजेबी ३.० पासून ॲप्लिकेशन एक्सेप्शनचं ॲनोटेशन आहे," लीड म्हणाले. "त्यात रोलबॅक ट्रू कर की." म्हणजे एक्सेप्शनच्या डोक्यावर या ॲनोटेशनची, कोडवर लिहायच्या खुणेची, टोपी घातली असती तर माझं पहिलं रनटाइमवालंही चाललं असतं.

टोपी घातली. स्टॉक जागेवर आला, कार्ट टिकली, निरोपही आला. पण एकूण रकमेत सूट तशीच! रोलबॅक डेटाबेसचा होतो. बीनच्या फील्डमधले आकडे कंटेनर मागे नेत नाही. आणि आधी सूट देऊन मग तारीख बघायची, ही अक्कलही माझीच.

टेस्टरने स्क्रीनशॉटखाली लिहिलं होतं, "कुपन चालतंय. बग बंद करू का?"