सिनाकांतानचा माग इतक्यात मारू नका

मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या सिनाकांतान या डोंगरी गावाबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘हजारो वर्षं न बदललेली विणकला मशीननं मारली. मुलींना शिकायचंच नाही. लवकरच सगळं नामशेष.’ वाचून जीव हळहळतो खरा, पण एकेक वाक्य तपासायला घेतलं की पंचाईत होते.

‘न बदललेली’ म्हणे! माग जुना आहे, स्पॅनिशांच्या आधीचा. आपल्या हातमागासारखा त्याला सांगाडा नसतो. ताण्याचं एक टोक खांबाला किंवा झाडाला, दुसरं पट्ट्यानं विणणारीच्याच कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. पण त्यावरचं सूत बघा. मेंढीची लोकर आणली स्पॅनिशांनी, ॲक्रिलिक तर अगदी अलीकडचं. १९७० च्या सुमारास इथं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे मोजकेच नमुने विणले जात. पर्यटक आज ‘प्राचीन’ समजून ज्याचे फोटो काढतात, ते जांभळ्या-निळ्या कापडावरचं फुलांचं रान त्यानंतर बहरलंय.

‘मुलींना शिकायचं नाही’ हे वाक्य तर नुसतं ठोकून दिलेलं. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या आसपास इथल्या मुलींचं विणणं शिकणं बारकाईनं पाहिलं आणि १९९१ मध्ये परत येऊन पुढची पिढी पाहिली. आधी आई लेकीला खेटून बसे, चूक व्हायच्या आत हात पुढे करी. नंतरच्या मुली बऱ्याचशा आपल्या आपण, चुकत-सुधारत शिकत होत्या. नमुनेही वाढले होते.

राहिलं मशीन. त्यावर होतं ते मुख्यतः भरतकाम, आणि ते चालवतात त्याच गावच्या बायका. हरितगृहांतली फुलशेती आली, मालवाहतूक आली, हातात रोख पैसा आला. मग त्यांनीच तेवढं दिवसचे दिवस सुईनं फुलं भरत बसावं, ही अपेक्षा कुणाची? (मजकूर लिहिणाऱ्यानं हातमागाचा शर्ट शेवटचा कधी घेतला, तेही कळू दे.)

हाताचं काम घटलंय, हे मी नाकारत नाही. विणीत कोंबडीची पांढरी पिसं गुंफलेला लग्नाचा हुइपिल (नवरीचा सैल अंगरखा) मशीनवर होत नाही, आणि तो विणायला लागणारे दिवस सवडीनं मिळत नाहीत. त्या दिवसांचा दाम मिळावा म्हणून शेजारच्या सान क्रिस्तोबाल शहरात ‘स्ना होलोबिल’ ही विणकर बायकांची सहकारी संस्था १९७० च्या दशकापासून उभी आहे. तिचा उल्लेख त्या मजकुरात नाही. बाजारात घासाघीस करून भाव पाडणाऱ्या पर्यटकाचाही नाही.