कोर्झेनियोव्स्कीची सुवर्णपदकं आणि ‘लपून धावण्याचा’ आरोप

रेस वॉकिंगचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर हमखास फिरायला लागतो. सोबत स्लो मोशनमधला व्हिडिओ असतो, त्यात खेळाडूचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले दिसतात. मजकूर थोडक्यात असा: ही चालण्याची शर्यत म्हणजे चोरून धावणं आहे, पंच डोळेझाक करतात, पोलंडच्या रॉबर्ट कोर्झेनियोव्स्कीची चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं ही त्याच डोळेझाकीची कमाई, त्यातलं एक तर पहिल्या आलेल्याला बाद करून त्याच्या पदरात टाकलेलं, आणि मुळात चालायला असं काय लागतं?

व्हिडिओ खोटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. अव्वल चालपटूंचे पाय क्षणाच्या अगदी लहानशा अंशापुरते खरोखरच जमीन सोडतात. पण नियम काय आहे? संपर्क तुटलेला ‘माणसाच्या डोळ्याला दिसता’ कामा नये. कॅमेऱ्याला नव्हे, डोळ्याला. शिवाय पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून शरीराच्या सरळ खाली येईपर्यंत गुडघ्यात ताठ हवा. हा दुसरा नियम त्या मजकुरात कधीच नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे. धावताना गुडघा वाकतो आणि धक्का झेलतो. इथे ती सोयच नाही, म्हणून कंबर फिरवून पाऊल लांबवावं लागतं. लोक ज्या ठुमकण्याला हसतात ते याचंच. नियम डोळ्यावर सोडावा का, यावर खुशाल भांडा; मलाही तो फार भरवशाचा वाटत नाही. पण नियमात राहून चालणाऱ्याला चोर म्हणणं ही वेगळी गोष्ट झाली.

आता डोळेझाक. रस्त्यावरच्या शर्यतीत सहा ते नऊ पंच फेरीच्या मार्गावर ठिकठिकाणी उभे असतात. चूक होतेय असं वाटलं की पिवळी पाटी दाखवतात: नागमोडी रेघ म्हणजे संपर्क सुटतोय, कोनाची खूण म्हणजे गुडघा वाकतोय. हा झाला इशारा. चूक स्पष्ट दिसली तर लाल कार्ड. एक पंच एका खेळाडूला एकच लाल कार्ड देऊ शकतो, म्हणजे तिघा वेगवेगळ्या पंचांना ती चूक दिसली तरच खेळाडू बाद. (हल्ली अनेक स्पर्धांत तिसऱ्या कार्डाला आधी पेनल्टी झोनमध्ये उभं करतात, 20 किलोमीटरला दोन मिनिटं, चौथ्या कार्डाला मात्र बाहेर.) सिडनी ऑलिम्पिकमध्ये 2000 साली महिलांच्या 20 किलोमीटरमध्ये आघाडीवरच्या खेळाडू एकापाठोपाठ एक बाद झाल्या. यजमान ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल तर सुवर्णाच्या वाटेवर असताना स्टेडियमच्या तोंडाशी बाद झाली, तेही घरच्या प्रेक्षकांसमोर. डोळेझाक करायचीच असती तर तिथे केली नसती?

आणि खुद्द कोर्झेनियोव्स्की? 1992 साली बार्सिलोनात 50 किलोमीटरमध्ये तो दुसरा होता. स्टेडियम समोर आलेलं असताना त्याला बाद केल्याची लाल पाटी दाखवली गेली आणि हातातोंडाशी आलेलं ऑलिम्पिक पदक गेलं. पहिल्या आलेल्याला बाद केल्याचा सिडनीचा किस्सा चवीने सांगणारे बार्सिलोनाबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

तो सिडनीचा किस्सा खरा आहे. 22 सप्टेंबरला पुरुषांच्या 20 किलोमीटरमध्ये मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला पोहोचला. आपल्या राष्ट्राध्यक्षांशी फोनवर बोलत असतानाच त्याला बाद झाल्याचं कळलं आणि सुवर्ण कोर्झेनियोव्स्कीला मिळालं. निर्णय शर्यत संपल्यावर कळवणं वाईटच, त्यात दुमत नाही. पण तो कार्डांचा निकाल होता, कुणाची मेहेरबानी नव्हे. जो नियम आठ वर्षांपूर्वी कोर्झेनियोव्स्कीवर उलटला, तोच या वेळी दुसऱ्यावर उलटला. बरं, हे पदक बाजूला ठेवा. आठवड्याभराने, 29 सप्टेंबरला, त्याने 50 किलोमीटरही जिंकलं, दुसऱ्यापेक्षा मिनिटभराहून अधिक आधी. एकाच ऑलिम्पिकमध्ये या दोन्ही शर्यती त्याच्याआधी कुणी जिंकल्या नव्हत्या. 1996 च्या अटलांटात त्याने 50 किलोमीटरचं सुवर्ण घेतलं होतंच; 2004 ला अथेन्समध्ये पुन्हा घेतलं, चार मिनिटांहून जास्त अंतराने. तिथे कोणाला बाद करून काय दिलं?

‘चालायला काय लागतं’ याला उत्तर आकड्यांतच द्यावं. 2003 च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत त्याने 50 किलोमीटर 3 तास 36 मिनिटं 3 सेकंदांत पूर्ण केले, तेव्हाचा विश्वविक्रम. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे 4 मिनिटं 19 सेकंद. या गतीने मॅरेथॉनचं अंतर 3 तास 2 मिनिटांच्या आसपास संपतं, आणि त्यापुढे जवळपास आठ किलोमीटर उरतात. हौशी मॅरेथॉनपटू तीन तासांच्या आत येण्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात, हे त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. इथे गुडघा वाकवायची मुभा नाही, आणि प्रत्येक फेरीत तेच पंच पुन्हा पायांकडे टक लावून बघतायत. ज्याला हे सोपं वाटतं त्याने ताठ गुडघ्याने, टाच आधी टेकवत, जमेल तितक्या वेगाने एक किलोमीटर चालून बघावं. नडगीच्या पुढचा स्नायू असा पेटतो की पुढचा वाद आपोआप मिटतो.

त्या मजकुराच्या शेवटी जोडलेलं एक वाक्य असतं: ‘फसवणूक उघडी पडली म्हणून 50 किलोमीटर ऑलिम्पिकमधून काढलं.’ साफ चूक. ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत फक्त पुरुषांना होती, आणि स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा समान करायच्या म्हणून ती गेली. इतक्या लांब शर्यतीला प्रेक्षक टिकत नाहीत ही ओरड आधीपासून होतीच. डोपिंगची प्रकरणं या खेळात घडली, लंडन 2012 च्या 50 किलोमीटर विजेत्या रशियन खेळाडूचं सुवर्ण काढूनही घेतलं गेलं. पण तो रक्ताच्या चाचण्यांचा मामला, पाय हवेत असण्याचा नव्हे. शेवटची ऑलिम्पिक 50 किलोमीटर शर्यत 2021 साली जपानमधल्या साप्पोरोत झाली. ती जिंकली डाविड तोमालाने, आणि तोही पोलंडचाच.