नेब्रास्का १९७१ वरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि अभ्यास करून लिहिलीये, म्हणून दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, इथे वेगळं लिहितोय.

बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या १९७१ च्या टीमला मी उगाच डोक्यावर घेतलंय. ओक्लाहोमाविरुद्ध नेब्रास्काच्या जॉनी रॉजर्सने ७२ यार्ड पळून पंट रिटर्नचा (समोरच्यांनी लाथेने लांब मारलेला बॉल पकडून उलट पळायचं) टचडाउन केला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला, त्यात त्याच्याच टीममधल्या जो ब्लाहाक याचा ब्लॉक (समोरच्याला अडवणं) मागून होता, म्हणजे क्लिपिंग नावाचा फाउल, रेफरीने फ्लॅग टाकला नाही म्हणजे पेनल्टी दिली नाही, ते जादा किकसकट सात पॉइंट काढले तर ३५-३१ चं ३१-२८ होतं आणि ओक्लाहोमा जिंकते. शिवाय तेव्हा प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी) नव्हता, पत्रकार मतं देऊन चॅम्पियन ठरवायचे, म्हणजे जेतेपद नुसतं कागदावरचं.

ब्लॉकवरून ओक्लाहोमाची माणसं पन्नास वर्षं भांडतायत, त्यांच्या जागी मी असतो तर मीही भांडलो असतो. घटकाभर धरून चालू की क्लिपिंग होतंच. तरी पॉइंट असे वजा करता येत नाहीत हो. तो टचडाउन मॅच सुरू होऊन चार मिनिटं व्हायच्या आत झाला. फ्लॅग पडला असता तरी बॉल नेब्रास्काकडेच राहिला असता, थोडा मागून ड्राइव्ह (बॉल घेऊन सलग चढाई) सुरू झाला असता, आणि पुढची छप्पन मिनिटं कशी गेली असती हे ना तुम्ही सांगू शकता ना मी.

आणि माझा सगळा जीव ज्यात आहे तो भाग तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. शेवटचा ड्राइव्ह! २५ नोव्हेंबर १९७१, थँक्सगिव्हिंगचा दिवस, नॉर्मनचं मैदान म्हणजे ओक्लाहोमाचं घर. नेब्रास्का तिसऱ्या क्वार्टरमधे २८-१७ ने पुढे होती, पण क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास टाकणारा) जॅक मिल्ड्रेनने ओक्लाहोमाला परत आणलं आणि साधारण सात मिनिटं उरली असताना स्कोअर ३१-२८, ओक्लाहोमा पुढे. नेब्रास्काला बॉल मिळाला तो स्वतःच्या २६ यार्डांवर. ७४ यार्ड जायचंय, समोर सगळं स्टेडियम ओरडतंय. नेब्रास्काचा रनर जेफ किनी पळतोय, पडतोय, उठतोय, परत त्याच्याच हातात बॉल. मग ओक्लाहोमाच्या ४६ यार्डांवर तिसरा डाउन आणि आठ यार्ड हवेत (नवीन वाचकांसाठी, चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात, नाहीतर बॉल गेला). नेब्रास्काचा क्वार्टरबॅक जेरी टॅगी, त्याच्यावर डिफेन्स धावून आला, तो तिथून निसटला आणि पळता पळता त्याने पास टाकला, तोही खाली, गुडघ्याच्या आसपास, आणि रॉजर्सने वाकून, जवळजवळ जमिनीला टेकत तो पकडला. फर्स्ट डाउन, म्हणजे परत नवे चार प्रयत्न. त्यानंतर परत किनी, किनी, किनी, आणि १ मिनिट ३८ सेकंद बाकी असताना दोन यार्डांवरून टचडाउन, मॅचमधला त्याचा चौथा.

यात आणखी एक गोष्ट बघा. तेव्हा कॉलेज फुटबॉलमधे ओव्हरटाइम नव्हताच. फील्ड गोल (लाथेने खांबांमधून बॉल, तीन पॉइंट) मारून ३१-३१ केलं असतं तर मॅच बरोबरीत सुटली असती आणि 'अपराजित' हे बिरुद शाबूत राहिलं असतं. आदल्याच वर्षी याच टीमने यूएससीशी (दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ) २१-२१ बरोबरी करूनही एपी पोलमधे (एपी वृत्तसंस्थेचं पत्रकारांचं मतदान) पहिला नंबर घेतला होता, म्हणजे तो रस्ता त्यांना चांगला ठाऊक होता. त्या टीमने जिंकण्यासाठी टचडाउन काढला. मला ही टीम ग्रेट वाटते ती यासाठी, पंट रिटर्नसाठी नव्हे. आणि हो, त्या अख्ख्या मॅचमधे दोन्ही टीम मिळून पेनल्टी फक्त एक लागली.

डिफेन्सचंही कुणी बोलत नाही. ओक्लाहोमाचा विशबोन (बॉल घेऊन पळण्यावर बेतलेली चढाईची रचना) त्या सीझनला मॅचमागे सरासरी ४७२ यार्ड नुसता पळून काढत होता. त्यांचा सगळ्यात भारी रनर ग्रेग प्रुइट, त्याला त्या दिवशी पन्नासेक यार्डांवर रोखलं, मधे नेब्रास्काचा रिच ग्लोव्हर उभा होता ना! शेवटी मिल्ड्रेनला नेब्रास्काच्या लॅरी जेकबसनने मागेच पाडलं आणि चौथ्या डाउनचा पास ग्लोव्हरने हात घालून उडवला. मॅच तिथे संपली.

आता मतांचं. प्लेऑफ नव्हता हे खरंय. पण सीझनअखेरचा एपी पोल काढून बघा, पहिला नेब्रास्का, दुसरा ओक्लाहोमा, तिसरा कोलोरॅडो, चौथा अलाबामा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या, तिघांनाही नेब्रास्काने त्याच सीझनमधे हरवलंय. प्लेऑफ असता तर आणखी कुणाशी खेळवलं असतं तुम्ही त्यांना? कोलोरॅडो ३१-७. आणि अलाबामा, कोच बेअर ब्रायंटची, तोवर एकही मॅच न हरलेली, तिला ऑरेंज बोलमधे (सीझननंतरच्या मानाच्या 'बोल' मॅचपैकी एक) ३८-६, हाफटाइमलाच २८-०. तिथेही रॉजर्सने ७७ यार्डांचा पंट रिटर्न मारला.

'त्या काळी अपराजित राहणं सोपं होतं' असंही तुम्ही लिहिलंय. नेब्रास्काने तेरा मॅचमधे ५०७ पॉइंट केले, दिले फक्त १०४. ओक्लाहोमा सोडली तर चोवीसपेक्षा कमी पॉइंटांनी एकही टीम हरली नाही. बॉब डेव्हॅनी १९६२ मधे कोच म्हणून लिंकनला, म्हणजे नेब्रास्काच्या घरी, आला त्याच्या आदल्या सीझनला नेब्रास्काने तीनच मॅच जिंकल्या होत्या, आणि १९६८ मधे ह्याच ओक्लाहोमाने त्यांना ४७-० असं धुतलं होतं. तिथून तीन वर्षांत इथवर. याला मी सोपं म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. ओक्लाहोमाची ती टीम बाकी बहुतेक कुठल्याही वर्षी चॅम्पियन झाली असती. नॉर्मनमधे हरल्यावरही शुगर बोलमधे त्यांनी ऑबर्नला ४०-२२ ने हरवलं. मिल्ड्रेन आणि जॉन हॅरिसन हे एकाच हायस्कूलमधले, त्या दिवशी मिल्ड्रेनने टचडाउनचे दोन पास टाकले आणि दोन्ही हॅरिसनला. त्यांच्यावर वेगळं लिहायला घेतलंय, त्यात विशबोन नीट समजावून सांगायचा विचार आहे. तेव्हाही असेच येऊन भांडा.