‘सेफसर्च लावलं की मुलं सुरक्षित’ या मेसेजबद्दल खुलासा

सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘गूगलचं सेफसर्च लावा, मुलांच्या फोनवर घाण येणारच नाही’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. सेफसर्च फक्त गूगलच्या शोधातले अश्लील निकाल गाळतं. इन्स्टाग्राम, टेलिग्राम, गेममधलं चॅट त्याच्या आवाक्यात नाही. खरा धोका तिथेच: अनोळखी माणूस गोड बोलून मुलांकडे नग्न फोटो मागतो, मग धमकावतो.

असं घडलं तर पैसे देऊ नका. लाजेपोटी पालक चॅट पुसतात आणि पुरावाच जातो. आधी प्रोफाइल, नंबर, धमक्यांचे स्क्रीनशॉट; ब्लॉक नंतर. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. लेकराला रागावू नका, पाप धमकावणाऱ्याचं आहे. तो फोटो मात्र प्रार्थनेसाठी म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. तसं करणं कायद्याने गुन्हा आहे.